'नको' म्हणायचं एकट्या आईनेच का?

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही नीट देते. तुमचं म्हणणं असं की बाहेरचं चटपटीत, पाकिटातलं खायला पोराच्या हातात पैसे आईबाप देतात, तेव्हा त्याच्या वाढत्या वजनाची जबाबदारीही त्यांचीच. शिवाय तिथलं खाऊन मुलांचं वजन वाढलं म्हणून अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सवर खटला भरणाऱ्यांना कोर्टानेच घरी पाठवलं.

पहिलं मला बरंचसं मान्य आहे. दमून घरी आल्यावर मीही कितीदा फोनवरून मागवलंय. त्याचा दोष मी कुणावर ढकलत नाही.

खटल्याचं मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या दोन मुलींच्या वतीने तो २००२ मध्ये दाखल झाला. जानेवारी २००३ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी तो फेटाळला, हे खरं. असलं खाणं अति झालं तर बाधतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याने कंपनीला बोल लावू नये, असं ते म्हणाले. पण त्याच निकालात त्यांनी चिकन नगेट्सचं उदाहरण घेतलं. घरच्या स्वयंपाकात कधी न पडणारे घटक त्यात असतात, ते गिऱ्हाइकाला कळणार कसे? तक्रार सुधारून परत आणायची मुभाही त्यांनी दिली. २००५ मध्ये वरच्या कोर्टाने खटल्याचा काही भाग पुन्हा उभा केला. पुढे तो रेंगाळला, २०१० मध्ये सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने एकच सामूहिक दावा चालवायला परवानगी नाकारली गेली. तरी मुद्दा तिथेच राहतो: खाणाऱ्याला ठाऊक काय असतं?

माझ्या लेकीच्या शाळेच्या फाटकापासून टपरी अठ्ठावीस पावलांवर आहे. मी मोजली. पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा वरून खाली सोडलेल्या असतात आणि शेवटचं पाकीट बरोबर पहिलीतल्या पोराच्या नाकासमोर येतं. पुढे हसणारं कार्टून. मागे मेद आणि मिठाचे आकडे इतके बारीक की चष्मा लावून, पाकीट उन्हात धरून वाचावे लागले. तेही शंभर ग्रॅमचे. पाकिटात त्याच्या पाव हिस्साही माल नाही. सहा वर्षांच्या मुलाला यातून काय कळावं? हातात पिशवी, कडेवर धाकटं घेतलेल्या त्याच्या आईला तरी?

एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त मेद, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. टपरीवाल्या काकांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. माळांचे हुक पाकिटं पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस ठोकून गेला, म्हणाले. काकांना नियम माहीत नव्हता हे मी मानते. एजन्सीलाही नव्हता, हे मानायला मी तयार नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ पासून अशा पाकिटांवर पुढच्याच बाजूला काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, त्यांच्यावरची कार्टून्स काढायला लावली, शाळांमधली विक्री थांबवली. 'नको' म्हणायचं काम तिथल्या आईलाही चुकलेलं नाही. फक्त ती म्हणत असताना पलीकडून कुणी तिच्या पोराला खुणावत नाही.

मुख्याध्यापिकाबाईंना मी पत्र दिलंय, शनिवारच्या पालकसभेत विषय घेणार आहेत. तुमच्या नातवाच्या शाळेच्या फाटकापासूनही एकदा पावलं मोजून बघा आणि किती भरली ते मला कळवा.