तिकडे बघा, तिकडे!

ब्रिस्बेनला परतून आठवडा झाला, तरी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा वाद मिटलेला नाही. कोकणातल्या वेळास गावी कासवाची पिल्लं समुद्राकडे सोडताना बघायला लोक जमतात. त्या कासव महोत्सवात पिल्लांपेक्षा माणसंच जास्त, बंद करा ते, असं मावसभावाचं म्हणणं. त्यावर मामांचा ठरलेला शेरा: 'आपल्याकडे शिस्तच नाही. तिकडे बघा!'

तिकडे म्हणजे मी राहते तिथे, ऑस्ट्रेलियात. तर सांगते. बंडाबर्गजवळच्या मॉन रेपो किनाऱ्यावर लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात. आधी तिकीट काढायचं, रात्री केंद्रात बसून राहायचं, आपल्या गटाला बोलावलं की रेंजरच्या मागून अंधारात निघायचं. आमची पाळी साडेअकराला आली. सगळे शहाण्यासारखे वागले, कारण वेडेपणा करायला वावच नव्हता. मोजकी माणसं आणि डोक्यावर रेंजर. याच मंडळींनी मॅचनंतर स्टेडियमबाहेर केलेला उकिरडा मामांनी पाहिलेला नाही.

मार्चअखेरीला आईला घेऊन वेळासला गेले. तिची पंच्याहत्तरी झालीय, गुडघे दुखतात. मॉन रेपोचं ते जागरण तिला झेपलंच नसतं. बागमांडल्याला बाणकोटची खाडी ओलांडणाऱ्या फेरीत गाडीसकट चढलो. पलीकडे वेश्वीला उतरेपर्यंत शेजारच्या गाडीतल्या बाईंचं माहेर, सासर, सगळं तिला कळलं होतं.

संध्याकाळी सहा. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जागेत, प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घातलेली. कासवमित्र एकेक उचलून बघत होता. रिकामी, रिकामी, रिकामी. मागून कुणीतरी 'पैसे फुकट' म्हणालंही. मग एका टोपलीखाली तीन पिल्लं निघाली, काळपट, काडेपेटीएवढी. वाळूवर सोडल्यावर एक जण कुणाच्या तरी पावलाच्या ठशात पडला आणि उताणा झाला. आपल्याला ठसा, त्याला विहीर.

"अगं, उचल ना त्याला!" आई.

"नाही आजी, त्याचं त्याला जाऊ दे." कासवमित्र.

तेवढ्यात मागच्या रेट्याने आम्हा बघ्यांना अडवणारी दोरी हातभर पुढे सरकली. सगळ्यांचे मोबाइल वर होते. माझाही.

रात्री ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना आईने सरळच विचारलं, "पूर्वी इथे अंडी खायचे का हो?"

"खायचे की! आता तीच अंडी आम्हाला जेवायला घालतात." आणि पानात आणखी एक मोदक.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली इथे अंडी राखायला सुरुवात केली. पुढे गाव त्यात उतरलं, घराघरांत पाहुणे राहू लागले. मॉन रेपोला मी तिकीट दाखवलं आणि पहाटे मोटेलवर येऊन झोपले. तिथलं एकही घर मला ठाऊक नाही. त्यामुळे महोत्सव बंद करा म्हणणाऱ्या भावाने काकूंकडे एकदा जेवून यावं.

दोरीचं मात्र मला पटलं नाही. दोरीपाशी किती जण उभे राहणार हा आकडा गावानेच ठरवावा, आणि मुक्कामाला असलेल्यांना आधी जागा द्यावी. हे आत्ताच करायला हवं. रेवस-रेडी सागरी महामार्गाचा पूल बाणकोटच्या खाडीवर उभा राहिला की फेरीसाठी थांबावं लागणार नाही. सकाळी येऊन, फोटो काढून दुपारी पुण्याला परतणारे वाढतील.

मी हे ग्रुपवर लिहिलं. मामांनी अंगठा दाखवला, म्हणजे वाचलेलं नाही. आईने तिथेच काकूंचा नंबर टाकून मामांना विचारलंय, पुढच्या मार्चला येणार का?