समुद्रफूल ट्यूबलाइटवर जगत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज महिन्याभरात तीनदा आला. तिसऱ्यांदा चक्क मावशीने पाठवला, ‘तुझ्या कामाचं आहे बघ’ म्हणून. मथळा: ‘सी ॲनिमोन, पाळायला सगळ्यात सोपा समुद्री जीव’. सी ॲनिमोन म्हणजे समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा प्राणी. खाली सल्ले. खाडीचं पाणी वापरा, फ्लेमिंगो येतात म्हणजे ते चांगलंच आहे. पाणी आटलं की मिठाचं पाणी घाला. ट्यूबलाइट पुरते, कारण हा प्राणी आहे, झाड नाही. रोज एक कोळंबी द्या. क्लाउनफिश (ॲनिमोनमध्ये राहणारा छोटा मासा) हवाच, नाहीतर ॲनिमोन मरतो. पुराव्याला स्कॉटलंडमधला बरणीत ५९ वर्षं जगलेला ॲनिमोन. ठाण्यात खाऱ्या पाण्याची टाकी चालवताना यातली एक चूक मीही करून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी ठाण्याची खाडी. कळव्याच्या पुलावरून एकदा खाली वाकून बघितलं असतं तरी हा सल्ला सुचला नसता. पावसाळ्यात नाल्यांचं आणि डोंगरउताराचं गोडं पाणी उतरलं की खाडीचा खारटपणा घसरतो, उन्हाळ्यात पुन्हा चढतो. ॲनिमोनला लागतं हजारी ३५ भाग मीठ, हायड्रोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या काट्यावर, १.०२५ च्या आसपास, आणि तेही रोज तेवढंच. मीठ बाहेर टाकायची सोय त्याच्या अंगात नाही. बाहेर जसं पाणी तसंच आत. राहिले फ्लेमिंगो. ते येतात सांडपाण्याच्या खतावर माजणारं शेवाळ खायला. त्यांची मेजवानी ती ॲनिमोनची विषबाधा. शिवाय खाडीचा तो पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे, तिथे कॅन घेऊन उतरायचं नसतं.

घरच्या प्युरिफायरचं पाणीही थेट चालत नाही. चव राहावी म्हणून त्यातला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर थोडं न गाळलेलं पाणी मिसळतो. टीडीएस मीटर बुडवून बघा, शून्य दिसलं तर मला सांगा. डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षारही काढणारा फिल्टर, लावलेल्या आरओचं पाणी घ्या आणि त्यात रीफ सॉल्ट, म्हणजे समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठ.

आता माझी चूक. मे महिना, शंभर लिटरची टाकी. पाणी २६ अंशांवर राहावं म्हणून वरून पंखा लावला होता आणि रोज दोनेक लिटर पाणी उडत होतं. मी इमानेइतबारे तेवढंच मिठाचं पाणी ओतत होतो. पण उडतं ते पाणी. मीठ आतच राहतं. दोन लिटरमागे सत्तर ग्रॅम मीठ, रोज. आठवड्याभरात काटा १.०३० ला टेकला आणि माझा बबल टिप जातीचा ॲनिमोन तोंड वासून, बोटं आखडून काचेला चिकटलेला. वाचला, पण कसाबसा. आटलेलं पाणी साध्या, मीठ नसलेल्या आरओ पाण्यानेच भरायचं. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

‘झाड नाही’ हे खरं, पण अर्धंच. क्लाउनफिशसोबत ठेवतात त्या ॲनिमोनच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशी शैवाल असतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्याचा मोठा वाटा घरमालकाला देतं. ट्यूबलाइटखाली हा बिचारा उजेड शोधत काचेवर चढू लागतो. आपण म्हणतो, ‘बघा, फिरायला निघाला!’ फिरता फिरता वेव्हमेकरच्या (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या) जाळीत गेला की चिंध्या, म्हणून पंपाला स्पंज बांधायचाच. उजेड मिळालाच नाही तर शैवाल निघून जातं आणि तो पांढरा पडतो. एका दुकानात असा पांढराफटक नग मला ‘रेअर पीस’ म्हणून चढ्या भावाने दाखवला होता. तो रेअर नव्हता, उपाशी होता. लिंबासारखा पिवळाधमक दिसला तर तो बहुधा रंगवलेला.

रोज कोळंबी नको. आठवड्यातून एकदोनदा, करंगळीच्या नखाएवढा तुकडा बास. अख्खी कोळंबी दिली तर रात्री गिळेल आणि सकाळी चिकट गोळा करून थुंकेल. त्याला आत घ्यायला आणि बाहेर टाकायला एकच तोंड. तो गोळा सडला की अमोनिया. नव्या टाकीला तो झेपत नाही, म्हणून आधी टाकी पाचसहा महिने मुरू द्यावी, लोणच्यासारखी.

क्लाउनफिशची गरज ॲनिमोनला नाही. हजारावर जातींतल्या जेमतेम १० जातींत ते राहतात. आणि मेसेजमधला तो बरणीतला ॲनिमोन? स्कॉटिश निसर्ग अभ्यासक सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेला, १८८७ पर्यंत जगलेला. गोष्ट खरी आहे. पण ती थंड पाण्याची, अंगात शैवाल नसलेली जात, आणि बरणीत ताजं समुद्राचं पाणी वेळोवेळी बदललं जायचं. बरं, त्या बरणीत क्लाउनफिश कुठे होता?

मेसेजमधला आणखी एक सल्ला मात्र बरोबर आहे: माशांवर पांढरे ठिपके आले तरी त्याच टाकीत तांब्याचं औषध घालू नका. मापात असेल तर तांबं माशाला सोसतं, ॲनिमोनला मुळीच नाही. हे वाचून आमच्या काकांनी विचारलं, टाकीचं पाणी आदल्या रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवलं तर? काका, तेही नको.