खोबरेल तेलानं सीट नवी होत असती तर हेडरेस्ट सगळ्यात नवा दिसला असता

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरून राहिला आहे. "लेदर सीटवर खाण्याचा सोडा घासा, व्हिनेगरनं पुसा, खोबरेल तेल चोळून गाडी दोन तास उन्हात ठेवा, भेगा आपोआप भरतात, खर्च फक्त ३० रुपये." राजेहो, मी हे दोन वर्षांमागे दिवाळीत करून बसलोय, माझ्या सेकंडहँड सेडानच्या बेज सीटवर, म्हणून लिहून राहिलो.

आधी सोडा. लेदर थोडं आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ४ ते ५, आणि सोडा पडतो त्याच्या उलट बाजूचा, वरून त्याचे कण घासले की रंगाचा थर खरवडतो. माझा फडका बेज झाला तेव्हा मला वाटलं काय मळ निघून राहिला बाप्पा, तो मळ नव्हता, सीटचा रंग होता. मग व्हिनेगरनं म्हणे बॅलन्स होतं. फेस होतो, बस.

आता तेल, कारण सगळ्यांचा जीव इथंच अडकलाय. "चामडं तेल पितं" हे कोल्हापुरी चपलेबद्दल खरं आहे, पण आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक कोट. पाण्याचा एक थेंब टाकून बघा, गोल उभा राहिला तर कोट शाबूत आहे आणि तेलही असंच वरच बसणार, धूळ धरत. थेंब आत जिरून डाग काळा पडला तर कोट गेलाय, तिथं तेल आत जातं पण कोट काही परत येत नाही. माझ्याकडे डिसेंबरात एका सकाळी बघतो तर शिलाईच्या भोकाभोकात पांढरे ठिपके, बाटलीत गोठतं तसं तेल गोठलेलं! आणि हेडरेस्ट बघा ना, आपण डोक्याला तेल चोपडून वर्षानुवर्षं तिथंच टेकतो, तो काळा-चिकट काहून होतो मग?

उन्हाचं तर बोलूच नका. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून जास्त, त्याच तापानं तर सीट कडक होऊन तडकते. सनशेड लावा.

भेगा "भरत" नाहीत, भराव्या लागतात. आधी लेदर क्लीनरचा फेस नरम ब्रशला घेऊन हलक्या हातानं, मायक्रोफायबरनं लगेच पुसायचं (भोकं असलेल्या सीटवर स्प्रे थेट मारू नका, कापडावर मारा). मग ८०० ते १००० नंबरचा पॉलिशपेपर हलकेच, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात, लवचिक फिलर पातळ पातळ थरात, दर थर वाळू द्यायचा, शेवटी स्पंजनं टिपून रंग आणि वरून मॅट क्लियर कोट. चकचकीत सीट म्हणजे चांगली सीट नाही, नवं लेदर बहुतेक मॅटच असतं. आणि तुमचं लेदरेट (म्हणजे नकली लेदर) असेल अन् पापुद्रे सुटत असतील तर यातलं काहीच करू नका, सरळ कव्हर बदला.

माझ्या ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, जिथं उतरताना पँट घासते, तेवढीच करायला अख्खा रविवार गेला. रंग किंचित पिवळा आलाय. दार उघडं असलं की दिसतो.