दुभाष्याची कैफियत

रात्री साडेनऊ वाजता आमच्या घरी ओट्यावरून शेवटचे फडके फिरते, आई आपल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसते आणि "चल रे, कोरिया लाव" असा हुकूम सुटतो. वरकरणी हे वाक्य निरुपद्रवी आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र असा, की दिवसभर कचेरीत तोंडाची वाफ दवडून आलेल्या मला पुढचा सव्वा तास कोरियन मालिकेच्या पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून, त्यांचे मनातल्या मनात मराठी करून, ते खणखणीत आवाजात म्हणायचे असते. आईला इंग्रजी येते, पण वर्तमानपत्राच्या मथळ्यापुरते. मथळा बिचारा जागेवर उभा असतो, ही ओळ दोन सेकंदांत पळून जाते. हिंदी आवाज दिलेली एक मालिका आम्ही लावून पाहिली होती. "तोंड इथं हलतंय आणि आवाज शेजारच्या घरातून येतोय" असे म्हणून आईने ती दहाव्या मिनिटाला बंद करायला लावली. तेव्हापासून मी बिनपगारी दुभाषी आहे.

हे वेड घरात आणले माझ्या मुलीने, आणि आणल्यावर ती स्वतः कानांत इअरफोन घालून आपल्या खोलीत निघून गेली. जाताना तिने आजीला 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लावून दिली. डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेली ही मालिका. दक्षिण कोरियातली एक श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वावटळीत सापडते आणि सीमेपलीकडे उत्तर कोरियात, थेट एका लष्करी कॅप्टनच्या पुढ्यात, झाडावर लटकते. आईने ते वादळ निमूटपणे मान्य केले. तिची शंका वेगळीच होती. "सगळे मिळून सोळाच भाग?" तिने दोनदा विचारले. "सोळा भागांत ह्यांचं आटपतं कसं? आपल्याकडे सोळा भागांत सून माप ओलांडते." एरवी मी आपल्या मालिकांची बाजू घेतली असती, परंतु त्या आठवड्यात एका मराठी मालिकेत तीच सून तेच माप कॅमेऱ्याच्या तीन कोनांतून आणि ढगांच्या गडगडाटासह ओलांडत होती, त्यामुळे मी गप्प बसलो.

शेवट कुठे करायचा हे आधी ठरलेले असले, की नटाला पहिल्या भागापासून हात राखून खेळता येते, असे माझे मत त्या दिवसांत बनू लागले. ते मी आईला ऐकवले. ती म्हणाली, "बोलू नकोस, ओळ गेली."

माझी खरी परीक्षा 2018 सालच्या 'माय मिस्टर'ने घेतली. ली सन-ग्युनने रंगवलेला त्यातला नायक हा पंचेचाळिशीचा, भावांच्या ओझ्याने खांदे उतरलेला इंजिनिअर आहे; त्याच्या कचेरीतली, आययू या गायिकेने साकारलेली, सावकाराच्या पाशात अडकलेली तरुणी त्याच्या फोनमध्ये गुपचूप ऐकण्याची सोय करून ठेवते आणि रात्रंदिवस त्याचे जगणे कानांनी पाहते. आता, दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकण्याची गोष्ट म्हटल्यावर दुभाष्याची चैन व्हायला हवी होती. प्रत्यक्षात तिला ऐकू येतात ती मुख्यतः त्याची पावले आणि त्याचे श्वास. पडद्यावर चौकटी कंसात 'उसासा टाकतो' अशी ओळ येई आणि मी कर्तव्यबुद्धीने "उसासा टाकतो" असे जाहीर करी. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "अरे, तो मला ऐकू आला."

त्या मालिकेत ती मुलगी आपल्या बहिऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या आजीला पौर्णिमेचा चंद्र दाखवण्यासाठी दुकानातल्या ढकलगाडीत बसवून रस्त्याने नेते. आययूच्या चेहऱ्यावर या सगळ्या काळात काहीही होत नाही. डोळे भरत नाहीत, ओठ थरथरत नाहीत, पार्श्वसंगीत पदर पसरत नाही. तिची नजर एकदा चंद्राकडे आणि एकदा आजीकडे जाते, आणि आजी खुश आहे हे पाहून ती परत घट्ट मिटल्यासारखी होते. अभिनयाबद्दल मी आयुष्यभर जी विशेषणे वापरली, ती इथे लावायला कोपराच सापडेना. माझ्या आईने मात्र नेमका मुद्दा काढला: "चाकं लहान आहेत त्या गाडीची. म्हातारीची कंबर मोडत असेल." यावर पाच मिनिटे गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "पण बघ, पोरगी खड्डे टाळतेय." मी मागे घेऊन पाहिले नाही. तिने पाहिले म्हणजे टाळले असणार.

दुभाष्याचे सगळ्यांत मोठे दुःख नाते हे आहे. इंग्रजीला 'यू' या एकाच शब्दात सगळे जग बसवता येते. मराठीत मला दर वाक्याला 'तू', 'तुम्ही' आणि 'अहो' यांतून निवड करावी लागते. एका कचेरीतल्या प्रेमकथेत मी नायिकेला सहा भाग साहेबांशी "तुम्ही जेवलात का?" असे अदबीने बोलायला लावत होतो. सातव्या भागात आई एकदम ताठ बसली. "तुम्ही कुठलं? ती अरे-तुरेवर आली." मी म्हटले, तसे काही लिहिलेले नाही. "लिहिलं नसेल. वाक्याच्या शेवटी 'यो' म्हणायची ती इतके दिवस. आज म्हटलं नाही." मी मुलीच्या खोलीचे दार वाजवले. तिने एक इअरफोन काढून आजीचे म्हणणे बरोबर असल्याचा दाखला दिला: कोरियन भाषेत आदराने बोलताना क्रियापदाच्या शेवटी 'यो' लागतो आणि सलगी झाली की गळून पडतो. म्हणजे, ज्या एका अक्षराच्या गळण्यासाठी लेखिकेने सहा भाग धीर धरला होता, ते गळताना सबटायटल लिहिणाऱ्याला पत्ता लागला नव्हता आणि मला तर नाहीच नाही. ('लेखिकेने' हे मी सवयीने लिहिले असले तरी चूक नाही, तिकडे गोष्ट सांगण्याचा हा धंदा मोठ्या प्रमाणावर बायकांच्या हाती आहे, आणि प्रेक्षक दिग्दर्शकाआधी लेखिकेचे नाव विचारतात.)

'ओप्पा'चे प्रकरण तर आठवडाभर चालले. मुलगी आपल्या थोरल्या भावाला ओप्पा म्हणते आणि प्रियकरालाही ओप्पाच म्हणते, हे कळल्यावर आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की ही रीत जणू मीच पाडली आहे. वडिलांना तिकडे 'अप्पा' म्हणतात. आमच्या घरातही वडिलांना अप्पाच म्हणतात. ते गॅलरीत शब्दकोडे सोडवत बसलेले असतात, घरातल्यांनी तीन हाका मारल्या तरी त्यांना ऐकू जात नाहीत, पडद्यावरच्या पोरीने एकदा "अप्पा!" म्हटले की आतून ताबडतोब "आलो, आलो" असे उत्तर येते.

आईची सर्वांत लाडकी मालिका म्हणजे 2015-16 सालची 'रिप्लाय 1988'. सोल शहरातल्या सांगमुन-दोंग वस्तीतली एक गल्ली, पाच घरे, पाच पोरे आणि वीस भाग. त्यातल्या पहिल्याच भागात संध्याकाळी प्रत्येक घरची आई आपल्याकडे केलेले कालवण वाडग्यात घालून पोराच्या हाती शेजारी पाठवते, शेजारून दुसरे काहीतरी परत येते, आणि पोरे गल्लीत एकमेकांना ओलांडत पळता पळता शेवटी प्रत्येक घरच्या टेबलावर सगळ्या गल्लीचा स्वयंपाक जमतो. आईची लग्नानंतरची पहिली अठरा वर्षे गिरगावातल्या चाळीत गेली. तिने मला त्या प्रसंगात एकही शब्द बोलू दिला नाही. संपल्यावर म्हणाली, "वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. त्यांनाही कळतं ते."

पुढच्या भागात त्याच मालिकेत एका आजीचे निधन होते. नातवंडे रडत गावी पोहोचतात तर तिथे बाप, काका आणि आत्या आलेल्यांना जेवायला वाढत आहेत, हसत आहेत, पत्ते कुटत आहेत. आई अस्वस्थ झाली. "काय निगरगट्ट माणसं!" रात्री उशिरा थोरला भाऊ अमेरिकेतून येऊन दारात उभा राहतो, आणि इतका वेळ हसणारी ती चार प्रौढ भावंडे एकमेकांच्या गळ्यात पडून लहान पोरांसारखी ओरडून रडू लागतात. बापाचे काम करणारा सुंग दोंग-इल तिथे नाकातोंडाने रडतो, चेहरा वेडावाकडा होऊ देतो, डोळ्यांच्या कडेला बोट लावून काजळ सांभाळण्याचा प्रश्न कुणालाच पडत नाही. आमच्याकडे त्या क्षणी अप्पा पाणी प्यायला म्हणून गॅलरीतून आले होते. ते तांब्या हातात घेऊन, न पिता, तसेच उभे राहिले. आईने "निगरगट्ट" हा शब्द परत घेतला नाही, पण त्या रात्री तिने नागपूरच्या मामाला फोन केला, आणि तोही पावणेअकरा वाजता.

याचा अर्थ कोरियन लेखकांना सगळेच साधते असा नव्हे. त्यांच्या कथेत योगायोगाला रेशनकार्डावर साखर मिळावी तसा ठरलेला कोटा आहे: नायक-नायिका लहानपणी एकदा भेटलेली असणार, ट्रकला नेमका तोच चौक आवडणार, आणि बाराव्या-तेराव्या भागाच्या सुमारास दोघांपैकी एकजण दुसऱ्याच्या भल्यासाठी, त्याला काहीही न सांगता, त्याला सोडून जाणार. "सांगून टाक की मेल्या!" असे आई दरवेळी ओरडते, आणि दरवेळी तो सांगत नाही. 2002 सालच्या 'विंटर सोनाटा'त अपघात, स्मृतिभ्रंश आणि अखेरीस नायकाचे आंधळेपण अशी सगळी रसद वापरलेली आहे. 'टेम्प्टेशन ऑफ वाइफ'मध्ये तर मेली असे समजली गेलेली बायको डोळ्याखाली एक तीळ लावून परत येते आणि नवऱ्याला ती ओळखू येत नाही. मी हे अतिरंजित असल्याचे मत दिले. आई म्हणाली, "त्यात काय? मी मागल्या दिवाळीत चष्म्याची फ्रेम बदलली, तुमच्यापैकी कुणाला कळलं?" विषय तिथेच थांबला.

'रिप्लाय 1988'मध्ये नायिकेचा नवरा कोण हे शेवटपर्यंत लपवून ठेवलेले आहे. एकजण मनातले सांगायला गाडीने निघतो, त्याला वाटेत लाल दिवे लागत जातात, आणि तो पोहोचतो तोवर दुसरा आपला बुद्धिबळासारखा 'गो'चा डाव सोडून तिच्यापुढे उभा असतो. दोष दिव्यांचा नव्हता, आपल्या घुटमळण्याचा होता, असे पहिल्याला उमगते. तिथे त्याचे काम करणाऱ्या र्यू जुन-यॉलने स्टिअरिंगवर हात ठेवून केलेले नुसते बसणे मी अजून विसरलेलो नाही. सगळे जग त्याच्यासाठी हळहळले. आईने मात्र मलाच सुनावले: "दिव्याला थांबणारा मुलगा होता. नवरा म्हणून तोच बरा."

आता आम्ही 2022 सालची 'एक्स्ट्रॉर्डिनरी अटॉर्नी वू' घेतली आहे. पार्क उन-बिनने त्यात स्वमग्न वकिलीण साकारली आहे. ती मान किंचित कलती ठेवून समोरच्याच्या डोळ्यांपेक्षा बोटभर बाजूला पाहते, आणि एकदा सुरू झाली की देवमासे आणि कलमे यांची गाडी थांबत नाही. माझा घसा बसला आहे. पहिल्याच भागात ती आपली ओळख करून देताना उलटसुलट सारखेच वाचता येणारे शब्द धडाधड म्हणते, कारण तिचे नावही तसेच आहे: वू-यंग-वू. पडद्यावर 'कयाक, डीड, नून, रेसकार' अशी ओळ आली. याचे भाषांतर करून उपयोग नव्हता, मी जिवाच्या आकांताने "कडक, जहाज, नवीन, डालडा!" असे ओरडलो आणि शाळेतल्या मराठीच्या बाईंची मनोमन क्षमा मागितली.

"डालडा?" आई म्हणाली. "कोरियात?"

"तसं नाही गं, तो उलटा वाचला तरी—"

"आणि ती मध्येच इंदू म्हणाली. ते तू गाळलंस."

इंदू ही माझी नाशिकची मावशी. इंदू वगैरे काही नाही, तुला भास झाला, असे मी ठणकावून सांगितले. तेवढ्यात आतल्या खोलीतून, इअरफोन घातलेले असूनही, मुलीचा आवाज आला: "बाबा, ती 'इन-दो-इन' म्हणाली. म्हणजे भारतीय माणूस. त्यांच्या लिपीत तो उलटा पण तसाच होतो."

आईने पाय पुन्हा खुर्चीवर घेतले. "मागे घे," ती म्हणाली, "आणि ह्या वेळी सगळं वाच."