'व्हेरी' हद्दपार करायला निघालेला तक्ता

इंग्रजी सुधारण्याच्या नावाखाली एक तक्ता सतत फिरत असतो. डावीकडे 'व्हेरी टायर्ड', उजवीकडे 'एक्झॉस्टेड'. 'व्हेरी रिच'समोर 'वेल्दी', 'व्हेरी शॉर्ट'समोर 'ब्रीफ', 'व्हेरी थिन'समोर 'स्किनी', अशा चाळीस-पन्नास जोड्या. सोबत उपदेश: 'व्हेरी' हा आळशी शब्द, उजवीकडचा शब्द तेच अधिक जोरात सांगतो, आणि परीक्षेत त्याने गुण वाढतात. पाठ करायला तक्ता सोपा आहे. घोळ होतो तो वापरताना.

"अर्थ एकच आहे." मग नकारात घालून बघा. 'आय ॲम नॉट व्हेरी टायर्ड' म्हणजे फारसा थकलो नाही, अजून काम होईल. 'आय ॲम नॉट एक्झॉस्टेड' म्हणजे अगदीच गळून गेलेलो नाही. थकवा भरपूर असू शकतो. अर्थ एकच असता तर नकारातही जुळला असता. टायर्ड, कोल्ड, अँग्री या गुणांना कमी-जास्त होता येतं, म्हणून त्यांना 'व्हेरी' चालतं. एक्झॉस्टेड, फ्रीझिंग, फ्युरियस टोकाला बसलेले आहेत. 'अतिशय' त्यांच्या पोटातच आहे. त्यांवर जोर द्यायचा तर 'ॲब्सोल्यूटली' येतं. तक्ता हे सांगत नाही, म्हणून तो घोकणारे हमखास 'व्हेरी एक्झॉस्टेड' लिहितात.

"उजवीकडचा शब्द नेहमी जोरदार." 'वेल्दी' हा 'रिच'चा मोठा भाऊ नाही. 'व्हेरी वेल्दी' सर्रास म्हणतात, ते त्यामुळेच. फरक जोराचा नसून रोखाचा आहे: 'वेल्दी'चा रोख साठलेल्या मालमत्तेकडे, तर 'रिच' कसदार मातीलाही चालतं. 'वेल्दी सॉइल' कोणी म्हणत नाही.

"कुठेही बदलून टाका." खरी पंचाईत इथे आहे, कारण विशेषण कोणत्या नामाला लागतं यावर सगळं अवलंबून. 'ब्रीफ' वेळेशी बांधलेला: भेट, थांबा, भाषण ब्रीफ असतं, बुटका माणूस किंवा आखूड केस नाही. 'व्हेरी पुअर'साठी सुचवलेला 'डेस्टिट्यूट' फक्त कंगाल माणसांसाठी. 'व्हेरी पुअर आयसाइट'मधली दृष्टी कंगाल नसते. 'अ व्हेरी ओल्ड फ्रेंड'मध्ये मैत्री जुनी आहे, 'एन्शंट फ्रेंड' केलंत तर मित्रच उत्खननात सापडल्यासारखा वाटतो. 'क्वाएट'मध्ये थोडा आवाज उरतो, 'सायलेंट'मध्ये काहीच नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात ही अदलाबदल केली तर विधानच खोटं ठरेल.

'थिन' तर अख्खं कुटुंब आहे. मराठीत सडपातळ, किडकिडीत आणि खंगलेला हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी टाकत नाही, इंग्रजीतही तेच. 'स्लिम', 'स्लेंडर' कौतुकाचे. 'स्किनी' बोलीतला आणि बहुधा नाक मुरडणारा. 'गॉन्ट'मध्ये आजार, उपासमार किंवा काळजीने ओढलेला चेहरा दिसतो, 'इमेशिएटेड' त्याहून गंभीर, वैद्यकीय लेखनातही येणारा. हे सगळं शरीराबद्दल. सूप पातळ असेल तर 'वॉटरी', युक्तिवाद लेचापेचा असेल तर 'फ्लिम्झी'. कागदासाठी मात्र 'व्हेरी थिन'च बरं.

"'व्हेरी' आळशी आहे." शब्द आळशी नसतो, लिहिणारा असू शकतो. एका परिच्छेदात पाच 'व्हेरी' आले तर चार उडवावेत, हे मान्य. पण उडवणं आणि बदलणं वेगळं: पुष्कळदा नुसतं खोडलं तरी वाक्य सुधारतं, आणि सूचनापत्रात 'व्हेरी हॉट वॉटर'ऐवजी '80 अंश सेल्सिअस' हाच नेमका पर्याय. शिवाय हा शब्द मुळात लॅटिन 'वेरस', म्हणजे 'खरा', यातून जुन्या फ्रेंचमार्फत आला. 'व्हेरिफाय' आणि 'व्हर्डिक्ट' त्याचेच नातलग. 'ॲट दॅट व्हेरी मोमेंट'मध्ये तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. आपलं 'अगदी' असंच दुहेरी काम करतं: 'अगदी लहान' आणि 'अगदी त्याच क्षणी'. तिथे तक्ता निरुपयोगी.

"गुण वाढतात." आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनासाठी शब्दसंपदा हा चारपैकी एक निकष, वाटा 25 टक्के. कमी रुळलेले शब्द तिथे पाहिले जातात हे खरं, पण कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी शोभतो हेही पाहिलं जातं. 'डेस्टिट्यूट क्वालिटी' लिहून शब्दसंपदा दिसत नाही, पाठांतर दिसतं.

बदल करायचाच असेल तर आधी शब्द नकारात घाला. मग त्याच्यापुढे तुमचं नाम ठेवून शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातली उदाहरणं वाचा. तशा प्रकारचं नाम एकाही उदाहरणात नसेल तर थांबा. 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'डिसअप्रूव्हिंग' या खुणाही बघा. 'स्किनी'चा डंख तिथेच कळतो.