माझा पुठ्ठा

परवाचीच गोष्ट आहे, त्यामुळे राग अजून ताजा आहे. खिडकीखाली सुकायला ठेवलेली माझी प्लेट गायब झाली होती. बाकी सातजणांच्या सात प्लेट्स मात्र रांगेत सुखरूप.

मी कोलाग्राफ शिकतेय. (हे सांगितलं की लोक "अच्छा, कोलाज!" म्हणतात. दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.) पुठ्ठ्यावर लेस, सुतळी, पॉलिशपेपर, वाळकी पानं असलं काहीबाही चिकटवायचं, वर शेलॅक म्हणजे लाखेचं वॉर्निश द्यायचं, की झाली प्लेट. मग तिच्या खाचाखोचांत शाई भरून पुसायची आणि ओलसर कागद ठेवून छपाईच्या प्रेसमधून काढायचं, की कागदावर चित्र उमटतं. ग्लेन आल्प्स नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1956 मध्ये हे नाव पाडलं. ग्रीकमध्ये 'कोल्ला' म्हणजे सरस. म्हणजे चिकचिकाट ही या कलेची जन्मखूण आहे, माझा गबाळेपणा नव्हे. हे मला परवा कुणाला तरी ओरडून सांगायचं होतं, पण समोर झाडू घेऊन मावशी उभ्या होत्या.

"मावशी, इथली माझी प्लेट?"

"सगळ्या विसळून ठेवल्यात."

"खायची नाही हो. पुठ्ठ्याची."

"पुठ्ठा होता एक. टाकला तो."

"टाकला?"

"घाण चिकटली होती त्याला."

त्या घाणीत माझे तीन रविवार होते. आजीच्या परकराची लेस होती, जी कापताना माझा हात थरथरला होता. टिश्यूपेपरला चुण्या पाडून केलेला समुद्र होता. मी जमेल तितक्या शांतपणे विचारलं, "मग बाकीचे सात पुठ्ठे बरे ठेवलेत?"

मावशींनी रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ती चित्रं आहेत," त्या म्हणाल्या.

एवढं बोलून त्यांनी मागच्या दारातलं रद्दीचं पोतं ओढत आणलं, माझ्यापुढे उपडं केलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घ्या, ओळखा तुमचा."

मी झडप घालून एक उचलला. छान उभ्या रेघा, कोपऱ्यात सुटलेला मऊ पापुद्रा, अगदी मला जमेल तसाच पोत. "तो पंख्याच्या खोक्याचा," मावशी म्हणाल्या. दुसरा उचलला. "तोही पंख्याचाच." शेवटी त्याच वाकल्या, न शोधता माझी प्लेट काढली, ओल्या फडक्याने पुसणार तेवढ्यात उलटून बघितली आणि थांबल्या.

"मागे शेलॅक दिलंच नाहीत?"

नव्हतं दिलं. पुढून दोन हात दिले होते, मागचं कोण बघतंय! उघडा पुठ्ठा ओल पितो, फुगतो, त्याचे पदर सुटतात, हे सरांनी सांगितलं असणार. मी तेव्हा लेस कापत असेन.

"पहिल्यांदा सगळेच विसरतात," मावशी म्हणाल्या. "मग कागदाला चिकटतं, मग रडतात."

आता चिडचिड करतेच आहे तर एक सांगून टाकते. आमच्या वर्गात चुका नसतात, फक्त 'सुंदर अपघात' असतात. दुसऱ्यांचे. शेजारच्या बाईंचा फेविकॉल ओघळला तर ती प्रवाही रेषा, माझा ओघळला की सर फडकं पुढे करतात. फी दोघींची सारखीच आहे, हे मी मुद्दाम विचारून घेतलंय.

असो. जुन्या टूथब्रशने शाई कोंबली, कडक जाळीच्या कापडाने गोल गोल पुसत बसले. खरखरीत जागी शाई अडून राहते, तिथे काळं उठतं. गुळगुळीत जागेवरची पुसली जाते, तिथे पांढरं. पुसता पुसता दिसलं की पोत्यातल्या कुठल्यातरी खोक्याची चिकटपट्टी माझ्या समुद्रावर मधोमध बसली आहे. ओढायला गेले तर पुठ्ठ्याचा पापुद्रा तिच्याबरोबर निघायला लागला, म्हणून राहू दिली.

प्रेसमधून निघाल्यावर कागद उचलला. समुद्राचा चिखल झाला होता. आजीची लेस म्हणजे एक काळा डाग. मधोमध तेवढा लख्ख पांढरा पट्टा, कडा सुरीने कापल्यासारख्या.

सर जाता जाता थबकले. चष्मा वर केला. "हा पट्टा फार विचारपूर्वक आलाय हं," ते म्हणाले. तीन रविवारांतलं पहिलं कौतुक, आणि तेही पंख्याच्या खोक्याचं. मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, बराच विचार केला."

मग रीतीप्रमाणे खाली पेन्सिलीने 1/5 लिहिलं, म्हणजे पाच प्रतींतली पहिली. त्या प्लेटीतून आणखी चार निघतील ही माझी आपली आशा. सही केली. मागून झाडूचा आवाज थांबला.

"पाचात एकच?" मावशी खांद्यावरून वाकून बघत होत्या. "मागच्या बाजूला एक हात दिला असता तर दोन तरी दिले असते सरांनी."