लोहगडावर जायचंय? मग एवढं कराच

रविवारीच जा. तेही भर पावसात, सकाळी अकराला घरून निघून. मळवलीला लोकलनं उतरून भाजे गावावरून चालत जाणारे लोक वेडे असतात. तुम्ही गाडी थेट लोहगडवाडीत घाला आणि वळणावरच लावा. मागचे थांबतील.

स्पीकर विसरू नका.

आता दरवाजे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, नागमोडी वाटेवर एकामागून एक. शत्रूला धावत वर येता येऊ नये, तो वळणांत कोंडला जावा, म्हणून ही रचना. सोय अजून चालू आहे, तिचा लाभ घ्या. परवा गणेश दरवाज्याच्या वर आम्ही सगळे कोंडलो होतो. ना पुढे सरकता येई, ना मागे. का? तर नारायण दरवाज्याच्या उंबरठ्यावर एक ताई रीलसाठी 'एन्ट्री' घेत होत्या. पहिल्या वेळी ओढणी उडाली नाही. दुसऱ्या वेळी एक आजोबा फ्रेममध्ये आले. "काका, बाजूला व्हा ना!" कुठे होणार बाजूला? मागे पोराला कडेवर घेऊन एक बाई भिजत उभी. खालून ढकलाढकली, त्यात कुणीतरी 'जय भवानी' ठोकली, तीसुद्धा स्वतःच्याच मोबाइलकडे बघून! शेवाळलेल्या पायरीवरून एक मुलगा घसरला, कुणीतरी कॉलर धरली म्हणून वाचला. आणि ताई म्हणतात, "एकच, शेवटचा!" अहो, कुणाचा शेवटचा?

असो. धुक्यात विंचूकाट्यावरून, म्हणजे गडाच्या त्या चिंचोळ्या सोंडेवरून, पवना धरणाचं पाणी दिसत नसेल, तर कडेला आणखी सरका.

इतिहास कुणी विचारलाच तर 'युनेस्को' म्हणा. २०२५ च्या जुलैत इतर अकरा किल्ल्यांबरोबर लोहगडही जागतिक वारसा यादीत गेला, तेवढं पुरतं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला, हे सांगत बसाल तर भिंतीवर बदाम कधी कोरणार?

पुरे झाली थट्टा. सरळ सांगतो. वेफर्सचं पाकीट दुमडून तटाच्या फटीत खोचलं तरी तो कचराच असतो. टाक्यात पाय धुऊ नका. दरवाज्यात उभं राहू नका, ती वाट आहे, तुमचा स्टुडिओ नाही. आणि बदाम कोरणाऱ्या शूरवीरा, पुढचा बदाम घरच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर कोर. आई घरात असताना.